लोळबाला झोप लागते

लोळबाला लोळण्याचा पगार मिळतो हे ऐकून माणसं आधी हसत, मग जरा गप्प होत आणि शेवटी आवाज खाली आणून विचारत, "तिथे आणखी एखादी जागा आहे का हो?"

जागा नव्हती. गाद्यांच्या त्या कारखान्यात कापणारे होते, शिवणारे होते, स्प्रिंगा वळणारे होते, फोमला गोंद लावून लावून बोटांचे ठसे गमावून बसलेले दोघे होते. पण लोळणारा एकच. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तर असेल. मालकांपासून कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना तो लोळबा म्हणूनच ठाऊक. चिडली की बायकोही 'अहो'वर न थांबता 'अहो लोळबा' म्हणायची.

फोमच्या गोदामाला लागून एक अरुंद खोली होती, ती त्याची कचेरी. खिडकीला जाड पडदा, भिंतीवर एक दिवा, मधोमध लाकडी चौथरा. प्रत्येक लॉटमधली एक गादी त्या चौथऱ्यावर यायची. लोळबा चपला बाहेर काढून तिच्यावर आडवा व्हायचा. उताणा, मग डावी कूस, मग उजवी, मग पालथा, मग कडेवर बसून मोजे घातल्यासारखं करायचं, कारण गिऱ्हाईक सकाळी तेच करतं. त्यानंतर डोळे मिटून पडायचं. डुलकी लागली की गादी मंजूर. नाही लागली, तर जिथे टोचलं तिथे खडूने फुली.

यात काय मोठंसं, असं वाटेल. पण लोळबाला झोपच येत नसे. घरी नाही, दारी नाही, सिनेमात नाही, सासरे जमिनीचा जुना वाद पहिल्यापासून सांगायला बसले तरी नाही. चादरीला पडलेली घडी त्याला बांधासारखी लागायची. कारखान्याचे म्हातारे मालक हयात होते तेव्हा हा साधा हमाल होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे परत आलेल्या गाद्यांवर पाय पसरून घोरत होते आणि हा एकटा कुशी बदलत कुरकुरत होता, की बरगडीपाशी काहीतरी आहे. म्हाताऱ्या मालकांनी गादी उसवून पाहिली. सगळ्या थरांच्या खाली स्प्रिंगचं एक वाकडं टोक निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम दुसरी गादी दिली, तिच्यात शिवणयंत्राचं विसरलेलं बॉबिन सापडलं. म्हातारे मालक म्हणाले, "हा माणूस नाही, गळू आहे. नुसता वारा लागला तरी ठणकतो." आणि लोळबाची हमाली सुटली. कारखान्याच्या गाडीवर वाक्य रंगवण्यात आलं: ज्याला कशावरच झोप लागत नाही, त्यालाही आमच्या गादीवर लागते.

वाक्य खोटं नव्हतं. चांगल्या गादीवर लोळबाचा डोळा लागायचा, जेमतेम शिंक येऊन जाईल एवढाच. तेवढं पुरायचं.

वीस वर्षं अशी लोळण्यात गेली. तेवढ्या काळात लोळबा स्वतः जुन्या उशीसारखा झाला, वरून मऊ आणि आत गुठळ्या. तो राहायचा तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला तो चढायचा, दुसरा सोसायचा आणि तिथल्या वळणावर विजेच्या मीटरांसमोर उभा राहून आकडे वाचल्याचं सोंग करायचा. छातीत कोणीतरी आतून दार बडवतंय आणि कडी सापडत नाहीये, असं काहीतरी चाललेलं असायचं. दुसऱ्या मजल्यावरची माणसं म्हणत, आमचं बिल ह्याला आमच्याआधी कळतं.

बायको हसायची नाही. लोळबाचा थोरला भाऊ ह्याच वयात एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला तो वर आलाच नाही. मीटरांचा किस्सा तिच्या कानावर गेला त्याच दिवशी तिने लोळबाला दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"लोळतो."

"ते दिसतंच आहे. पोटापाण्यासाठी काय करता?"

"पोटापाण्यासाठीच लोळतो."

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान डोलावली. मग छातीला वायरी लावून झाल्या, कागदावरच्या रेषा पाहून झाल्या, आणि बाई म्हणाल्या, "हृदय ठीक आहे, पण कामचुकार आहे. तो एक स्नायूच असतो. राबवला तर मजबूत होतो, लाडावला तर बसतो. गोळ्या नकोत, चाला. रोज, झपझप."

"म्हणजे किती झपझप?"

"चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये."

"मला तसंही गाता येत नाही."

"वेगाचं मी बघते," बायको म्हणाली.

तिने खरोखरच पाहिलं. मैदानाला वळसा घालणारा रस्ता तिने निवडला, स्वतःही जुने कापडी बूट चढवले आणि डॉक्टरीणबाईंच्या नियमात घरगुती सुधारणा केली. "इतक्या वेगाने चाला," ती म्हणाली, "की उत्तर देता येईल, पण उलट उत्तर देता येणार नाही." मग तिने संसारातली सगळी तुंबलेली प्रकरणं एकेक करून बाहेर काढली. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, तिच्या भावाला दिलेला टेबलफॅन परत मागणं कितपत शोभलं, खिडकीतल्या जाळीचं काय झालं. दम लागलेल्या माणसाला 'हो' हा सगळ्यात हलका शब्द वाटतो. पहिल्या आठवड्यात कपाट हललं, दुसऱ्यात जाळी बसली.

सुरुवातीला लोळबाच्या देहाने बंड पुकारलं. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या. अस्तित्व ठाऊक नव्हतं अशा जागा ठणकू लागल्या. हृदय तर पहिल्या वळणापासूनच बोंब मारायचं आणि घरी येऊन चहा होईपर्यंत बोंबलत राहायचं. "हे मला मारायला निघालंय," लोळबा म्हणायचा. बायको म्हणायची, "इतकी वर्षं ते तुम्हाला हेच म्हणत होतं."

पण हळूहळू, कोणी न सांगता, फरक पडला. रस्त्यातला चढ तोच होता, पण त्याच्या टोकाला पोचल्यावर शब्द शिल्लक राहू लागले. छातीतली धडधड घराच्या जिन्यापाशी येईतो उतरून जायला लागली. मीटरांसमोर थांबायचं तो एके दिवशी विसरलाच आणि तिसऱ्या मजल्यावर पोचून चकित झाला. वजन मात्र तसूभर हललं नाही. बायकोला संशय आला, की हा मैदानाच्या पलीकडे जाऊन काही खातो. तिने लोळबाला पुन्हा दवाखान्यात नेऊन डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

"काट्याला काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "आधी हे हृदय चहाच्या कपाने हौद भरत होतं. आता त्याच्या हातात तांब्या आलाय. एका खेपेला जास्त रक्त जातं, म्हणून खेपा कमी लागतात. बसल्या जागी नाडी बघा, पूर्वीपेक्षा किती निवांत आहे. शिवाय पाय शहाणे झालेत, रक्तातला प्राणवायू चटकन उचलतात. झोप कशी लागते?"

लोळबाने मान खाली घातली. जणू घरात लपवलेलं काही सापडलं होतं.

कारण झोप लागू लागली होती. आणि नुसती नाही, धो धो. आदल्याच आठवड्यात एका सकाळी त्याने डोळे उघडले, तर बायकोचं बोट त्याच्या नाकाखाली.

"काय करतेस?"

"बघतेय."

"काय?"

"आहात का."

रात्रभर एकदाही कूस न बदललेला नवरा तिने लग्नानंतर प्रथमच पाहिला होता. लोळबाला स्वतःला तर काय झालं तेच कळेना. झोप म्हणजे दुसऱ्यांच्या घरची श्रीमंती असते असं तो धरून चालला होता. आता ती फुकट मिळू लागली आणि तो हावरटासारखा झोपू लागला.

घरी झोपला असता तर प्रश्न नव्हता. सकाळी मैदानाचे वळसे घालून आलेला माणूस त्या अंधाऱ्या खोलीत गादीवर उताणा झाला, की डाव्या कुशीपर्यंत पोचायच्या आतच खलास. नियम काय? डुलकी लागली की मंजूर. नियमाप्रमाणे गाद्या भराभर मंजूर होऊ लागल्या. खडू तुटेपर्यंत फुल्या मारणारा लोळबा आता खडू मागेना. शिलाईच्या मावशी, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या बाई, चहाच्या वेळेला दार वाजवून त्याला उठवायच्या. "ऊठ बाबा," त्या म्हणायच्या, "तपासणी झाली असेल तर चहा घे."

काही दिवस कारखान्यात आनंदीआनंद होता. आपलं काम एकदम सुधारलं, असं प्रत्येकाला वाटलं. फोमला गोंद लावणारे दोघे तर पगारवाढ मागायच्या बेतात होते. मग गाद्या परत यायला लागल्या. एका गिऱ्हाइकाच्या कमरेत गाठ रुतत होती. एका नव्या जोडप्याची गादी मधे इतकी खचली, की भांडण झालं तरी दोघं रात्री एकमेकांकडे घरंगळत. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने निरोप पाठवला, की तुमच्या गादीत अंडं आहे, आता उबवू की परत पाठवू तेवढं कळवा.

म्हाताऱ्या मालकांच्या मागे कारखाना त्यांच्या मुलाकडे आला होता. हे धाकटे मालक वयाने चाळिशीचे, डोळ्यांनी साठीचे. पित्ताच्या गोळ्या खिशात, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. निरोप वाचून त्यांनी जुडगा सोडला आणि मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो एका गादीच्या वरच्याच थराखाली शिवला आणि गादी चौथऱ्यावर चढवली.

लोळबा आला, आडवा झाला आणि घोरू लागला.

मालक आणि मावशी दाराशी उभे राहून ऐकत होते. "ढोंग तर नाही?" मालकांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "ढोंगाला एवढा सूर लागत नाही."

उठल्यावर त्यांनी त्याला पाठमोरं उभं केलं आणि शर्ट वर करून पाहिलं. गोदामाची किल्ली, तिजोरीची किल्ली, मधली कडी, सगळं पाठीवर ठसठशीत उमटलेलं. "कुलूप असतं तर उघडलं असतं," मावशी म्हणाल्या.

"लोळबा," मालक म्हणाले, "तुम्ही हल्ली काय करताय?"

मालक एरवी त्याला 'तू' म्हणत. 'तुम्ही' निघालं की वारं फिरलं, हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"चालतो, मालक. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग ते बंद करा. झोपणारी माणसं मला फुकट मिळतात, लोळबा. मी तुम्हाला पगार देतो तो न झोपण्याचा. महिनाअखेरपर्यंत पहिल्यासारखे व्हा, नाहीतर दुसरीकडे बघा."

दुसरीकडे काय बघणार? उभ्या शहरात लोळणाऱ्याला ठेवून घेणारी दुसरी जागा नव्हती. पोटापलीकडेही एक गोष्ट होती, जी लोळबा कोणाला बोलून दाखवत नसे. म्हाताऱ्या मालकांनी गळू म्हटलं होतं ना, ते त्याने पदवीसारखं जपलं होतं. जगात त्याला येणारी ही एकच गोष्ट होती आणि तीही चालण्यात गेली.

घरी त्याने सांगून टाकलं, की उद्यापासून मी येणार नाही. बायको काहीच बोलली नाही. ती बोलते तेव्हा धोका नसतो, हे लोळबाला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती कापडी बूट चढवून एकटीच गेली आणि लोळबा खिडकीतल्या नव्या जाळीतून तिची पाठ बघत बसला.

मग सुरू झाली झोप घालवायची खटपट. काळाकुट्ट चहा झाला. मनाला लावून घेण्याजोग्या गोष्टी आठवून झाल्या, पण टेबलफॅनच्या पुढे गाडी जाईना. पहिले काही दिवस झोप हटेना, फुकटचा पाहुणा हटत नाही तशी. पुढे पुढे मात्र ती खरंच पातळ झाली. लोळबाला हायसं वाटलं. कारखान्यात त्याने एका गादीवर फुली मारलीसुद्धा. त्याच संध्याकाळी तो जिना चढत होता आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय आपसूक थांबले. समोर मीटर. आत तीच जुनी धडधड, कडी न सापडणाऱ्या माणसाची.

मागून बायको भाजी घेऊन येत होती. ती एक पायरी खाली थांबली.

"काय म्हणतंय बिल?"

लोळबाने तोंड उघडलं, पण हवा आत घेण्यातच ते गुंतलेलं होतं.

बायको म्हणाली, "भावजी वाकले होते ना, तेव्हा मी दारातून विचारलं होतं, नाडी बांधताय का म्हणून. तेव्हाही असंच उत्तर आलं नव्हतं."

भाजीची पिशवी तिने त्याच्या हातात दिली नाही. स्वतःच घेऊन वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालायला बसली, तेव्हा लोळबा आधीच दारात उभा होता. बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या. "चल," तो म्हणाला. "कपाटाचं ठरलंय, त्यावर बोलू नकोस." बायको वाटभर आपल्या बहिणीबद्दल बोलली.

महिनाअखेर आली. लोळबा कारखान्यात गेला तो निरोप घ्यायच्या तयारीनेच. चौथऱ्यावर नवी गादी मांडलेली होती, मालक शेजारी स्टुलावर, मावशी दारात. लोळबा आडवा झाला. जागं राहायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. निदान मालकांना तसं वाटावं म्हणून भुवया तरी उंचावून धरल्या. भुवया तशाच राहिल्या आणि खालचा माणूस झोपला.

मालकांनी त्याला गदागदा हलवून उठवलं. "अहो, मधोमध गाठ आहे," ते म्हणाले. "मावशींनी मुद्दाम घातलीय. आंधळ्यालाही लागेल."

"मला नाही लागली, मालक."

"नाही कशी लागली? उठा. उठा तुम्ही." आणि तिरमिरीत मालक स्वतःच गादीवर आडवे झाले. "ही बघा, इथे. ही काय. आणि ही दुसरी इथे, खांद्यापाशी. आणि पायाकडे शिवण ताणलीय, ती वेगळीच."

मावशी दारातून आत आल्या. "मी एकच घातली होती," त्या म्हणाल्या.

मावशींनी कात्रीने खांद्यापाशी उसवलं. दोन थर खाली फोमच्या कापणीतला एक चिवट तुकडा गोंदाने घट्ट गोळा होऊन बसला होता, सुपारीएवढा. पायाकडची शिवण पाहिली, तीही ताणलेली निघाली. मालक गादीवर तसेच पडून छताकडे बघत होते. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं. लोळबा त्या डोळ्यांकडे बघत राहिला. असे डोळे त्याने वीस वर्षं रोज दाढी करताना आरशात पाहिले होते.

"मालक," तो म्हणाला, "रात्री किती झोपता?"

"झोपतो कुठे? तुमच्या गाद्या परत येताहेत."

"घरी आपली गादी आहे का?"

मालकांनी खिशातली पित्ताची गोळी चाचपली. मावशींनी मात्र तोंडाला पदर लावला, कारण मालकांच्या घरची गादी दुसऱ्याच कंपनीची होती आणि तिचं फाटलेलं कव्हर त्यांनीच गुपचूप शिवून दिलं होतं.

"म्हणजे कारखान्यात तुमच्याइतकं जागं दुसरं कोणी नाही," लोळबा म्हणाला. "जोडीला काळजी पण तुमचीच. मला पगारापुरती होती."

"मालकाने लोळायचं?"

"वडिलांच्या गादीवर बसलातच आहात. जरा आडवे व्हा."

मालक उठायला हवे होते. उठले नाहीत. त्यांनी डावी कूस घेतली, मग उजवी, मग कपाळाला आठी घालून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "खडू कुठे असतो?"

लोळबाने खडू दिला. तो देताना त्याचा हात किंचित रेंगाळला, एवढं मावशींनी पाहिलं. "आणि मी काय करू?" त्याने विचारलं.

"तू?" मालक म्हणाले. 'तू' ऐकून लोळबाचा जीव भांड्यात पडला. "तू जिने चढू शकतोस ना आता?"

तसा तो पुन्हा हमाल झाला. पन्नाशीच्या तोंडावर, जिथून निघाला होता तिथेच. बायको म्हणाली, वीस वर्षांची विश्रांती घेऊन कामावर रुजू झालेला तुमच्यासारखा दुसरा माणूस दाखवा. पगार तेवढाच राहिला, कारण आता कमी केला तर लोळबा गिऱ्हाइकांना काय काय सांगेल, ह्या विचारानेच मालकांची झोप आणखी उडाली असती, तशी ती उडालेली झोपही कारखान्याच्या कामीच आली असती म्हणा.

पहिली खेप निवृत्त शिक्षिकेची. अंड्याच्या बदली दुसरी गादी, स्वतः मालकांनी मंजूर केलेली. लोळबाने ती डोक्यावर घेतली आणि चार मजले चढला. दुसऱ्या मजल्यावर मीटर होते, त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही. वर पोचला तेव्हा हृदय जोरात चाललं होतं, पण बोंबलत नव्हतं. कामाला लागलेल्या माणसासारखं, मान खाली घालून. बाई चष्मा शोधायला आत गेल्या आणि तो घेऊन बाहेर आल्या, तेवढ्यात हृदय खाली उतरून आपल्या नेहमीच्या चालीवर आलंसुद्धा. लोळबाने छातीवर हात ठेवून खात्री करून घेतली.

बाईंनी चष्म्यातून गादी पाहिली, मग लोळबाला पाहिलं. "गाडीवर लिहिलंय तो तुमचाच कारखाना ना? ज्याला कशावर झोप लागत नाही, वगैरे? आधीची पण अशीच मंजूर होती. जरा पडून दाखवा बघू, माझ्यासमोर."

लोळबाने गादी पलंगावर नीट सरळ केली, कोपरे दाबले आणि दोन पावलं मागे सरला.

"नको बाई," तो म्हणाला. "मी पडलो तर मला खाली न्यायला आणखी दोन हमाल बोलवावे लागतील."